हौसेची दाढी आणि गरजेची दाढी

मंदीच्या काळात माणसे काय विकत घेण्याचे थांबवतात याची चर्चा अर्थशास्त्रज्ञ पुष्कळ करतात. काय घेण्याचे थांबवत नाहीत, याची त्या मानाने कमी होते. २००१ साली अमेरिकेत मंदी आली असता एस्टी लॉडर या प्रसाधन-कंपनीचे प्रमुख लिओनार्ड लॉडर यांनी अशा दिवसांतही लिपस्टिकचा खप टिकून राहतो, किंबहुना वाढतो, असे सांगितले आणि त्यातून एक सिद्धान्तच रूढ झाला. मोठी चैन परवडेनाशी झाली की माणूस छोट्या चैनीवर मन रमवतो, हे त्याचे सार. पुढील मंदींच्या आकडेवारीने तो सर्वत्र खरा ठरवला असे नाही. तथापि तो ऐकावयास गोड असल्यामुळे टिकून आहे, आणि पुरुषांच्या बाबतीत त्याचा पडताळा आता दाढीच्या सामानात शोधला जातो.

दाढी ही हौस म्हणून करणाऱ्यांचा एक वर्ग जगभर आहे आणि मुंबई-पुण्यातही तो आता नवा राहिलेला नाही. पाच-पाच पात्यांची चकचकीत यंत्रे टाकून देऊन ही मंडळी आजोबांच्या काळातील एका पात्याच्या यंत्राकडे वळली आहेत. बिज्जूच्या केसांचा ब्रश, वाटीत घोळवून फेस काढायचा साबण, देशोदेशींच्या पात्यांची पाकिटे, आणि फारच पुढे गेलेला असेल तर हाताने धार लावायचा वस्तरा व चामड्याचा पट्टा, असा त्यांचा संभार असतो. दाढी झाल्यावर गालावरून फिरवायला तुरटीचा घोटीव खडा असतो. तो परदेशातून सुबक डबीत घालून येतो. बीड जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या वारकाची जुनी धोकटी उघडली असती तर तीत वस्तरा, नराणी, धार लावायचा दगड, पितळी वाटी आणि ही तुरटी एवढेच निघाले असते. जे एकाकडून दारिद्र्याची खूण म्हणून सुटले ते दुसऱ्याकडे अभिरुचीची खूण म्हणून आले. यात कोणाचा उपहास करण्याचे कारण नाही. पण मंदीचा परिणाम या दोन धोकट्यांवर सारखा होत नाही, आणि तो का होत नाही हे पाहण्यासारखे आहे.

शहरातील हौशी माणसाचे आधी पाहू. त्याची हौस वरून खर्चिक दिसते, परंतु तिच्या मुळाशी काटकसर आहे. पात्यांची शेकड्याची पेटी एकदा घेतली की दीड-दोन वर्षांची चिंता मिटते आणि चांगले पितळी यंत्र माणसाच्या आयुष्याला पुरते. २००८ च्या जागतिक मंदीनंतर अमेरिकेत जुन्या यंत्रांकडे जे मन वळले त्यात स्मरणरंजन थोडे आणि बड्या कंपन्यांच्या चढ्या किमतींचा कंटाळा अधिक होता. त्याच कंटाळ्यावर ‘डॉलर शेव्ह क्लब’ नावाची स्वस्त पाती घरपोच देणारी कंपनी उभी राहिली आणि २०१६ साली युनिलिव्हरने ती विकत घेतली. म्हणजे मंदीत हौशी ग्राहक बाजार सोडून जात नाही. तो नवे यंत्र घेण्याचे लांबवतो, घरातला साठा वापरतो, जुने सामान आपसांत विकतो आणि साबणाची एखादी वडी मात्र नेमाने घेतो. भारतातील हौशाला मंदीपेक्षा रुपयाची घसरण अधिक जाचते. २०१३ च्या ऑगस्टात डॉलर ६८ रुपयांच्या घरात गेला तेव्हा देशातील कोणाचा पगार त्या कारणाने कमी झाला नव्हता. पण बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू महाग झाली होती. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पासून उठले आणि या हौसेला खरे दार उघडले. त्यापूर्वी परदेशी यंत्र घरी यायचे ते आखातातून किंवा विलायतेतून येणाऱ्या नातेवाइकाच्या पेटीतूनच.

लॉडर यांच्या लिपस्टिकचा न्याय या ग्राहकाला बऱ्याच अंशी लागू पडतो. त्याचे कारण साधे आहे. मंदीत त्याचे उत्पन्न घटते, पण नाहीसे होत नाही. छोटी चैन करण्यासाठीही महिन्याच्या महिन्याला हातात काही यावे लागते. सिद्धान्त मांडणाऱ्यांनी हे गृहीत धरलेले आहे, आणि बीड जिल्ह्यात नेमके तेच गृहीत धरता येत नाही.

बीडमध्ये मंदी शेअर बाजारातून येत नाही, आभाळातून येते. १९७२ चा दुष्काळ तर सर्वांच्या स्मरणात कोरलेला आहे. पण २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ ही वर्षेही जिल्ह्याने तशीच काढली. २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावे लागले. २०१६ मध्ये केज तालुक्यातील धनेगावच्या मांजरा धरणाचा तळ उघडा पडला आणि त्याच धरणावर विसंबलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतील घरांना कापूस-बाजरी-सोयाबीनच्या उत्पन्नात वर्ष काढता येत नाही, हे पावसाच्या वर्षीही खरे असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादम त्या कोयत्यावर उचल देतो आणि ती फिटेपर्यंत मजुरी हातात येत नाही.

या उचलीने बीडच्या किरकोळ बाजाराचे पंचांग ठरवले आहे. उचल हाती पडते आणि माणूस गाव सोडतो, या दोहोंच्या मधल्या पंधरवड्यात गेवराई, माजलगाव, केज, बीड येथील दुकानांत जी गर्दी होते तीच वर्षाची खरी गर्दी. घरच्या म्हाताऱ्यांसाठी धान्य, पोरांना कपडे, बैलांना साज आणि बरोबर न्यायच्या ट्रंकेत घालायच्या लहानसहान वस्तू याच दिवसांत घेतल्या जातात. फडात पहाटे कोयता चालवणाऱ्याला न्हाव्याचे दुकान कुठले? कोपीपुढे बसून, तांब्यातल्या पाण्याने, हातात धरलेल्या आरशात त्याला स्वतःच दाढी करायची असते. म्हणून प्लॅस्टिकचे यंत्र, पात्यांचे एखादे पाकीट आणि क्रीमची लहान नळी त्या ट्रंकेत जाते. यांतली यंत्र आणि पाती गरजेची. नळी तेवढी हौसेची. साबणाच्या तुकड्यावरही दाढी होते. पण तरुण मजूर क्रीमची नळी घेतो, कारण ती नुसती दाढीची वस्तू नाही, थोड्या मानाचीही आहे. बड्या शहरातील गृहस्थ बिज्जूच्या ब्रशात जे शोधतो तेच हा त्या नळीत शोधतो.

येथे बाजाराचा एक चकवा आहे. दुष्काळाच्या वर्षी ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या वाढते, साहजिकच उचलही अधिक घरांत येते आणि दिवाळीपूर्वीचा बाजार भरल्यासारखा दिसतो. परगावच्या घाऊक व्यापाऱ्याला वाटावे की दुष्काळाच्या बातम्या फुगवलेल्या आहेत. प्रत्यक्षात तो पैसा कर्जाचा असतो. पाऊस कमी म्हणजे ऊसही कमी. त्यातला काही छावणीतल्या जनावरांच्या दावणीला जातो, कारखान्यांचा पट्टा लवकर पडतो, तोड कमी होते आणि उचल फिटत नाही. माणसे फाल्गुन-चैत्रात परततात ती अंगावर बाकी घेऊन. दुष्काळाचा फटका दाढीच्या सामानाच्या कपाटाला खऱ्या अर्थाने बसतो तो तेव्हा. एकीकडे मुंबईच्या कचेरीत बसून तिमाहीचे आकडे पाहणाऱ्या कंपनीला जिल्ह्याची मागणी सुधारल्याचे दिसत असते, आणि त्याच वेळी ती उन्हाळ्यात कोसळण्याची तयारी पूर्ण झालेली असते.

कोसळते तीही एका ठरावीक क्रमाने. प्रथम जातो तो दाढीनंतरचा सुगंधी द्रव. मग डब्यातला फेस. मग क्रीमची मोठी नळी लहान होते आणि शेवटी अंगाच्या साबणावर काम भागते. पाते मात्र जात नाही. दोन-तीन रुपयांचे पाते चार दाढ्यांऐवजी सात-आठ दाढ्यांना पुरवले जाते इतकेच. जगात इतरत्रही असेच घडले आहे. किंग जिलेट यांच्या कंपनीने १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघी ५१ यंत्रे आणि १६८ पाती विकली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी लक्षावधी यंत्रे घेतली आणि घरी दाढी करण्याची सवय जगाला लागली. परंतु १९२९ नंतरच्या महामंदीत, वापरून फेकण्यासाठी बनवलेले तेच पाते लोक काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूवर घासून पुन्हा पुन्हा धारदार करू लागले. स्वस्त पात्यांचे नवे उत्पादक निघाले आणि जिलेटच्या नफ्याला ओहोटी लागली. बीडच्या दुकानदाराला या इतिहासाची गरज नाही. टोपाझ, पनामा, सुपरमॅक्स ही नावे त्याच्या फळीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिली, ती टिकण्याचे कारण त्याला ठाऊक असते.

मोठ्या कंपन्यांना हे उशिरा उमगले, आणि त्यातही पाण्याचा भाग होता. जिलेटने २००२ मध्ये भारतात आणलेल्या ‘व्हेक्टर’ यंत्राची चाचणी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली होती, अशी हकीकत कंपनीच्याच वरिष्ठांनी पुढे सांगितली. नळाखाली यंत्र धरून केस धुऊन काढण्याची सोय त्या विद्यार्थ्यांना होती. भारतातल्या बहुसंख्य ग्राहकांकडे होते ते वाटीभर पाणी, आणि त्या पाण्यात यंत्र तुंबू लागले. मग भारतीय घरांत जाऊन पाहणी झाली आणि २०१० मध्ये ‘गार्ड’ बाजारात आले. यंत्र १५ रुपयांना, पाते ५ रुपयांना. ज्या जिल्ह्यात टँकरच्या पाण्यासाठी हंड्यांच्या रांगा लागतात तेथे वाटीभर पाणी ही काही मागासलेपणाची सवय नव्हे; ते हिशेबाने वापरलेले पाणी आहे. दुष्काळात पहिली काटछाट अंघोळीच्या पाण्यात होते, तेथे दाढीच्या वाटीला कोण विचारणार?

आतापर्यंत दुकानाच्या फळीचा विचार झाला. परंतु बीडमध्ये दाढीच्या सामानाचा ठोक ग्राहक घरातला पुरुष नाही, नाभिक आहे. फेसाचा डबा, सुगंधी द्रव, चेहऱ्याला लावायचे लेप या वस्तू तालुक्याच्या गावी विकल्या जातात त्या बहुतांशी सलूनसाठी. सामान्य गिऱ्हाईक ज्या वस्तू कधी विकत घेणार नाही त्या तो येथे एका दाढीपुरत्या भाड्याने घेतो असे म्हणता येईल. खेड्यातली हौस ती हीच: घरी साबणाचा तुकडा, पण लग्नाला जाताना सलूनमधला फेस, गरम वाफ आणि गालावर थंड पाण्याचा फवारा. आणि म्हणूनच मंदीचा घाव अखेर खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसावर पडतो.

पूर्वी असे नव्हते. निदान अशा रीतीने नव्हते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त बलुतेदारीचा जो पट मांडला आहे त्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याला दाढीगणिक पैसे मिळत नसत, खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. त्या व्यवस्थेत अपमान होता, जातीची बेडी होती, आणि ती मोडली याचे दुःख करण्याचे काहीच कारण नाही. मात्र तिच्या हिशेबाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. दुष्काळात खळे ओस पडले की न्हाव्याचे बलुते बुडे. दाढी मात्र चालूच राही, कारण ती वर्षाच्या बोलीची होती. नुकसान उघड होते आणि सर्वांना दिसणारे होते. पुढच्या सुगीला त्यातले थोडे तरी मागता येई. आज रोखीचा व्यवहार आहे. दुष्काळात गिऱ्हाईक पैसे बुडवत नाही, ते येतच नाही. आठवड्याची दाढी पंधरवड्यावर जाते, पंधरवड्याची सणावर. न केलेल्या दाढीची बाकी कोणत्याही वहीत लिहिता येत नाही. श्रावणात दाढी न करण्याचा पाळणूक म्हणून असलेला महिना नाभिकाला दरवर्षी सोसावा लागतो. पाऊस नसला की तो श्रावण सात-आठ महिने चालतो. वैशाखातली लग्ने पुढे ढकलली जातात किंवा सामुदायिक मांडवात उरकली जातात आणि नवरदेवाच्या दाढीचा आहेरही त्याबरोबर आटतो.

अशा वेळी नाभिक काटकसर करतो ती त्याच पात्यावर. दुधारी पाते मधोमध मोडून अर्धे वस्तऱ्यात बसवायचे आणि दुसरे अर्धे पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवायचे, हा सलूनचा सर्वमान्य रिवाज आहे. एड्सच्या भीतीने गेल्या शतकाच्या अखेरीस जुना धारेचा वस्तरा मागे पडला आणि प्रत्येकाला नवे पाते हा दंडक आला. दंडक योग्यच होता. परंतु त्यामुळे जी धार दगडावर फुकट मिळत होती ती विकत घ्यावी लागू लागली. म्हणजे नाभिकाचा खर्च गिऱ्हाइकागणिक वाढला आणि दुष्काळात गिऱ्हाईकच तुटले. खर्च वाचवण्यासाठी तेच अर्धे पाते दुसऱ्या गालावर चालवण्याचा मोह कोणाला झाला तर धोका गिऱ्हाइकाच्या रक्ताला आहे. दुष्काळात आरोग्याच्या नावाने टँकरमध्ये क्लोरीन टाकले जाते की नाही हे पाहिले जाते, ते ठीकच. पण वस्तऱ्यातले पाते बदलले जाते की नाही, याची चौकशी कोणी करीत नाही.

२०२० च्या टाळेबंदीने या साऱ्याची तालीम एकदम घडवली. मार्चअखेरीस बंद झालेली केशकर्तनालये महाराष्ट्रात २८ जूनला उघडली, तीही केस कापण्यापुरती. दाढीला त्या वेळी परवानगी नव्हती. या तीन महिन्यांत देशभर बॅटरीवरील केस कापण्याच्या यंत्रांची विक्री चढली. शहरातील अनेकांनी याच सक्तीच्या सुट्टीत हौसेने दाढी करण्याचे तंत्र शिकून घेतले आणि त्या बाजाराला नवे गिऱ्हाईक लाभले. त्याच संकटातून इकडे बीडच्या सलूनची एक दाढी कायमची कमी झाली. कारण घरी आलेले यंत्र टाळेबंदी उठल्यावर परत जात नाही. त्यातच दाढी राखण्याची तऱ्हा आली. प्रॉक्टर अँड गॅम्बलने २०१९ मध्ये जिलेटच्या मूल्यातून सुमारे ८०० कोटी डॉलर वजा केले, आणि त्याच्या कारणांत पुरुष पूर्वीइतकी दाढी करीत नाहीत हेही एक होते. जे महामंदीला जमले नाही ते फॅशनने केले. बीडच्या तरुणाला ही फॅशन दुहेरी सोयीची आहे. पैसे नसल्यामुळे वाढलेली दाढी आणि आवडीने राखलेली दाढी यांतला फरक लांबून ओळखू येत नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सप्टेंबर २०२५ मध्ये दाढीचे क्रीम व दाढीनंतरचा द्रव यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याचा थोडा लाभ सलूनच्या कपाटाला निश्चित होईल. सलूनच्या सेवेवरील करही तसाच उतरला, पण वर्षाला वीस लाखांची उलाढाल होत नाही अशा दुकानाला तो कर मुळातच नव्हता. आणि पाटोद्याच्या किंवा धारूरच्या एका खुर्चीच्या दुकानात वीस लाख रुपये कुठून येणार? १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत नाभिकाचा समावेश आहे. १५ हजार रुपयांपर्यंतची अवजारे, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाखांचे कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. योजना चांगली आहे. मात्र ज्याचे गिऱ्हाईक ऊसाच्या फडात गेले आहे त्याला नवी खुर्ची दिल्याने ती भरत नाही, आणि कर्जाचा हप्ता तर महिन्याच्या महिन्यालाच येतो.

खरी उणीव दुष्काळ जाहीर होतो तेव्हा दिसते. नुकसानभरपाई हेक्टरी मिळते; ज्याच्या नावे सातबारा नाही त्याचे नुकसान मोजण्याचे मापच शासनाजवळ नाही. दुष्काळी तालुक्यांना ज्या सवलती लागू होतात त्यांत जमीन महसुलात सूट आहे, शेतीकर्जाचे पुनर्गठन आहे, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट आहे. भूमिहीन नाभिकाच्या वाट्याला यांतून टँकरचे पाणी आणि मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी एवढेच येते. रोजगार हमीचे काम त्याला खुले आहे, पण त्यासाठी दुकानाला कुलूप लावावे लागते, आणि कुलूप लागलेल्या दुकानाचे गिऱ्हाईक शेजारच्या गावी जाते ते जातेच. त्याच्या दुकानाचे वीजबिल कृषिपंपाच्या बिलाइतकेच दुष्काळात थकते. नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या गाळ्याचे भाडेही थकते. जाहीर झालेल्या दुष्काळी तालुक्यांत ही दोन देणी तहकूब करणे आणि विश्वकर्मा कर्जाचे हप्ते मासिक न ठेवता, माणसे तोडीवरून परतून लग्नसराई सुरू होते त्या चैत्र-वैशाखापासून वसूल करणे, याला तिजोरीतून फारसे काही काढावे लागणार नाही. सवलतींच्या यादीत बिगरशेती कारागिरांचे एक कलम घालावे लागेल, आणि ते पुढच्या दुष्काळाची आणेवारी निघण्यापूर्वी घातले गेले तरच त्याचा उपयोग आहे.